रंधा मशीनचा कटर ब्लॉक : सरळ पाती की सर्पिल?

- खास प्रतिनिधी

पुण्यातल्या एका पेठेत जुना वाडा उतरवला गेला, तेव्हा त्यातल्या सागवानी तुळयांपैकी दोन प्रस्तुत प्रतिनिधीने विकत घेतल्या. त्यांच्या फळ्या काढून जेवणाचे मेज करवून घेतले. मेज घरी आले, पॉलिश उत्तम बसले होते, पाहुण्यांनी वाखाणणीही केली. परंतु संध्याकाळी गॅलरीतून तिरपे ऊन आत आले आणि त्या चकचकीत पृष्ठभागावर आडव्या लहरी उमटल्या. वाळूवरून ओहोटीचे पाणी ओसरल्यावर उमटतात तशा, पण फारच बारीक. शिवाय एका फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, बोटाला जाणवणारी एक उंच रेघ.

लहरी पट्टीने मोजल्या. वीस मिलिमीटरमध्ये दहा, म्हणजे दोन मिलिमीटरला एक. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

ज्या कारखान्यात मेज तयार झाले, तेथे विचारणा केली. मालकांनी तक्रार मान्य केली. आता आपण मशीनचा कटर ब्लॉकच बदलणार असून परदेशी पद्धतीचा सर्पिल ब्लॉक बसवणार आहोत, असे त्यांनी सांगितले. किंमत ऐकल्यावर ती एखाद्या जुन्या मशीनची असावी असे वाटले. एवढा खर्च करून लहरी जातात का, सरळ पात्यांचे नेमके बिघडते कुठे, आणि लहान कारखान्याने कशाच्या आधारे निवड करावी, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडत आहे. आपले दार, खिडकी, कपाट सुताराकडून करवून घेणाऱ्या प्रत्येकाचा या निवडीशी संबंध येतो, फक्त तो पॉलिशखाली झाकलेला असतो.

यंत्राच्या पोटात

हातरंध्याची जागा आता दोन यंत्रांनी घेतली आहे. पहिले सरफेस प्लेनर. अमेरिकेत त्याला जॉइंटर म्हणतात. लाकूड हाताने त्याच्या टेबलावरून पुढे ढकलायचे, खालून फिरणारी पाती त्याची एक बाजू सरळ करतात. दुसरे थिकनेसर. त्यात लाकूड रूळांनी आत ओढले जाते आणि वरून फिरणारी पाती फळीची जाडी सारखी करतात. दोन्हींच्या पोटात एक आडवा पोलादी दंडगोल मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांनी फिरत असतो. पाती त्यावर बसवलेली असतात. हाच कटर ब्लॉक.

फिरत्या पात्यांनी लाकूड रंधण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम याने १७९३ च्या पेटंटमध्ये लाकूडकामाच्या अनेक यंत्रांबरोबर तिचाही विचार केला होता. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने १८२८ मध्ये रंधा यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या मुदतवाढी इतक्या झाल्या की १८५६ पर्यंत तेथील लाकूड व्यापारी त्या मक्तेदारीविरुद्ध न्यायालयात झगडत राहिले.

त्या काळचे ब्लॉक चौकोनी असत. चौरस छेदाच्या पोलादी दांड्याच्या सपाट बाजूंवर बोल्टांनी पाती आवळलेली. कामाला ते वाईट नव्हते, पण माणसाला घातक होते. चौकोन फिरताना कोपरा टेबलाच्या कडेजवळून जातो आणि लगेच सपाट बाजू येते, तेव्हा मोठी पोकळी उघडते. लाकूड निसटून हात तेथे पडला की बोटे त्या पोकळीत ओढली जातात. गोल ब्लॉकमध्ये ही पोकळी पात्यापुढच्या अरुंद खाचेपुरती उरते. इजा तेथेही होतेच, परंतु ती खोल जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याखाली महाराष्ट्राने १९६३ मध्ये केलेल्या नियमांत, हाताने लाकूड ढकलण्याच्या प्लेनरला दंडगोलाकार कटर ब्लॉकच हवा आणि त्यावर पुलासारखे सरकते झाकण हवे, असे स्पष्ट लिहिले गेले. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. विजेवर चालणारा कारखाना या संहितेनुसार कारखाना ठरण्यासाठी किमान वीस कामगार लागतात. आपल्या पेठांमधल्या आणि उपनगरांतल्या सुतारी कारखान्यांत चार-सहा माणसे असतात. तेव्हा तेथे झाकण असावे की नसावे, हे बहुतेक ठिकाणी मालकाच्या सद्बुद्धीवरच अवलंबून राहते. भंगारातून आलेल्या जुन्या मशीनवर चौकोनी ब्लॉक आढळला, तर सरळ की सर्पिल हा विचारही तेथे अप्रस्तुत आहे. तो ब्लॉक आधी काढून टाकला पाहिजे.

लहरींचे गणित

आता मेजाकडे वळू. फिरते पाते लाकडाला सपाट तासत नाही. ते वर्तुळात फिरते, म्हणून प्रत्येक फटक्याला एक उथळ वाटी कोरून पुढे जाते. लाकूड पुढे सरकते, पुढचे पाते दुसरी वाटी कोरते. दोन वाट्यांमध्ये जो उंचवटा उरतो, ती लहर. म्हणजे रंधा यंत्रातून निघालेली प्रत्येक फळी लहरींचीच असते. त्या डोळ्याला दिसतात की नाही, एवढाच प्रश्न.

कारखान्यातल्या थिकनेसरचा ब्लॉक तीन पात्यांचा, व्यास शंभर मिलिमीटर, वेग मिनिटाला चार हजार फेऱ्या. लाकूड मिनिटाला आठ मीटर आत जाते. तिन्ही पात्यांनी आपापला वाटा उचलला, तर मिनिटाला बारा हजार फटके पडतात आणि दोन लहरींतले अंतर सुमारे ०.६७ मिलिमीटर येते. लहरीची खोली काढण्याचे सूत्र सोपे आहे. अंतराचा वर्ग करावा आणि त्याला व्यासाच्या चौपटीने भागावे. उत्तर येते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे एक मायक्रॉन. एवढी लहर कोणत्याही उन्हात दिसणार नाही.

माझ्या मेजावर मात्र अंतर दोन मिलिमीटर होते. आठ मीटरला चार हजारांनी भागले की बरोबर दोन मिलिमीटर येतात. याचा अर्थ, तीन पात्यांपैकी शेवटची मोहोर एकच पाते उमटवत होते. अंतर तिप्पट झाले की खोली नऊपट होते. एकाऐवजी नऊ-दहा मायक्रॉन. कागदाच्या जाडीचा हा साधारण दहावा भाग. हाताला तो कळत नाही, परंतु चकचकीत पॉलिश आरशासारखे असते आणि तिरपा प्रकाश त्यावरचा किंचितसा उतारही पकडतो.

पाती बसवणाऱ्याचा हा हलगर्जीपणा म्हणावा का? येथे थोडा न्याय केला पाहिजे. चांगला कारागीर डायल गेज लावून तिन्ही पाती एका पातळीत आणतो, तेव्हा त्यांच्यात दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक राहिला तरी काम उत्तम समजले जाते. दोन शतांश म्हणजे वीस मायक्रॉन. लहर आहे एका मायक्रॉनची आणि पात्यांच्या उंचीतला फरक वीसचा! तेव्हा सर्वांत वर राहिलेले पातेच शेवटचा हात फिरवते, बाकीची दोन त्याच्या आधी ढोबळ माल काढण्याचे काम करतात. मोठ्या गिरण्यांत फिरत्या ब्लॉकवर धारेचा दगड नेमक्या मापाने टेकवून सर्व धारा एका वर्तुळात आणतात. लहान कारखान्यात ती सोय नसते, आणि हाताने तसे करू जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

'चार पात्यांचा ब्लॉक घ्या, फिनिश दुप्पट' असे विक्रेते सांगतात, ते या हिशेबाने फारसे खरे नाही. चौथ्या पात्यामुळे मशीनवरचा भार वाटला जाईल, ते सुरळीत चालेल. पण शेवटची मोहोर एकाच पात्याची असेल, तर पाती दोन असोत वा चार, लहरी तेवढ्याच. त्यापेक्षा शेवटचा हात मारताना लाकडाचा वेग निम्म्यावर आणावा. मिनिटाला चार मीटर केले की एकच पाते कापत असले तरी अंतर एक मिलिमीटर आणि खोली अडीच मायक्रॉन. वेग बदलण्याची सोय बऱ्याच थिकनेसरना असते, परंतु घाईत ती वापरली जात नाही. माझ्या मेजाचे नेमके हेच झाले होते.

सरळ पाती : स्वस्त, पण मिजाशी

सरळ पाते म्हणजे ब्लॉकच्या पूर्ण लांबीची पोलादी पट्टी. ती खाचेत बसवतात आणि शेजारी पाचर घालून स्क्रूंनी आवळतात. चांगली पाती हायस्पीड स्टीलची असतात. त्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या प्रकारात अठरा टक्के टंगस्टन असते. या पोलादाला अतिशय तीक्ष्ण धार लावता येते. नुकत्याच धार लावलेल्या सरळ पात्याखालून सरळ रेषेचे सागवान किंवा पाइन काढले, तर पृष्ठभागाला जी झळाळी येते तिला तोड नाही. ही गोष्ट सर्पिल ब्लॉकच्या जाहिरातीत कोणी सांगत नाही.

अडचण ती धार टिकवण्याची. सागवानाच्या गाभ्यात सिलिका असते, म्हणजे एका अर्थी बारीक वाळूच. वाळवी न लागणाऱ्या, पाण्याला दाद न देणाऱ्या या लाकडाची ही दुसरी बाजू सुताराला पुरेपूर ठाऊक असते. पोलादाची धार त्यावर लवकर मरते. प्लायवूडच्या कडा मशीनवर मारल्या तर त्यातला कडक झालेला डिंक तेच करतो. आणि वाड्याचे लाकूड असेल तर खिळे. मुंडके मोडलेले, लाकडात शंभर वर्षे गंजत पडलेले खिळे वरून दिसतही नाहीत. एका खिळ्याने पात्यांना खाच पडते आणि त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक फळीवर त्या जागी एक उंच रेघ उमटते. माझ्या मेजावरच्या रेघेचा उगम हाच.

अनुभवी कारागीर यावर एक साधी युक्ती करतात. तीनपैकी एक पाते खाचेतच मिलिमीटरभर डावीकडे सरकवायचे, दुसरे तितकेच उजवीकडे. मग खाचा एका रेषेत राहत नाहीत, एकाने सोडलेले दुसरे कापते आणि रेघ जवळजवळ नाहीशी होते. धार लावण्याचा दिवस तेवढा पुढे जातो.

धार लावायला पाती बाहेर दिली की नवीन प्रश्न सुरू होतात. ती सरळ घासली गेली पाहिजेत. घासताना ती अति तापता कामा नयेत. तिन्हींचे वजन सारखे राहिले पाहिजे, नाहीतर ब्लॉक थरथरतो आणि बेअरिंग खातो. वारंवार घासून पाते अरुंद झाले की पाचरेला पकड पुरत नाही. बारा इंची ब्लॉकचे एक पाते साधारण दोनशे ग्रॅमचे असते. शंभर मिलिमीटर व्यासाच्या ब्लॉकवर, चार हजार फेऱ्यांना, ते जवळजवळ पावणेदोनशे किलोच्या ओढीने बाहेर पडू पाहत असते. त्याला थोपवून धरते ती फक्त पाचर. पाचरेचे स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी प्रत्येकावरून पुन्हा एकदा हात फिरवावा, हा नियम जुन्या मिस्त्रींनी घालून दिला आहे, तो यासाठी.

वेग वाढवण्याच्या मोहाबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. मोटरवरची पुली बदलून ब्लॉक अधिक जोरात फिरवला की लहरी कमी होतात, असा एक समज आहे. गणिताने तो बरोबर आहे. पण चार हजारांचे साडेपाच हजार केले, तर पात्याची ओढ पावणेदोनशेवरून तीनशे तीस किलोच्याही पुढे जाते. ब्लॉकवर कोरलेल्या कमाल वेगाच्या वर जाऊ नये. आकडा पुसला गेला असेल, तर मशीनच्या मूळ वेगावरच समाधान मानावे.

सरळ पात्यांचाच एक सुधारित प्रकार युरोपात रूढ आहे. टर्सा हे त्यातले परिचित नाव. दोन्ही बाजूंना धार असलेले अरुंद पाते ब्लॉकच्या टोकाकडून खाचेत सरकवायचे. ब्लॉक फिरू लागला की केंद्रोत्सारी जोरानेच पाचर बाहेर येऊन पाते आवळून धरते. उंची जुळवण्याची कटकट नाही, पाती काही मिनिटांत बदलतात. एक धार गेली की पाते उलटायचे, दुसरी गेली की फेकायचे. मात्र ती पाती त्याच मापाची मिळाली पाहिजेत आणि नियमित मिळाली पाहिजेत. विकत घेण्यापूर्वी पात्यांचा पुरवठा आपल्या शहरात कोण करतो, हे विचारून घ्यावे.

सर्पिल ब्लॉक

सर्पिल ब्लॉकवर लांब पाते नसतेच. दंडगोलावर मळसूत्रासारख्या ओळींत पंधरा मिलिमीटरच्या आसपासचे चौकोनी तुकडे एकेका स्क्रूने बसवलेले असतात. बारा-पंधरा इंची ब्लॉकवर असे चाळीसपासून शंभरपर्यंत तुकडे. ते टंगस्टन कार्बाइडचे, म्हणजे पोलादाहून कितीतरी कठीण पदार्थाचे असतात. सिलिकाची किंवा प्लायवूडच्या डिंकाची मात्रा त्यांच्यावर फारशी चालत नाही. प्रत्येक तुकड्याला चार धारा. एक बोथट झाली की स्क्रू सैल करून तुकडा पाव फेरी फिरवायचा. खिळ्याने दोन तुकडे मोडले तर ते दोनच बदलायचे, अठ्ठावन्न तसेच राहतात. वाड्याच्या लाकडावर काम करणाऱ्याला ही एक गोष्टच पुष्कळशी किंमत वसूल करून देते.

लहरींचे काय होते? त्या राहतात. परंतु प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याच्या आगेमागे कापतो, त्यामुळे फळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारी अखंड लहर उठत नाही. ती तुकड्यातुकड्यांत विखुरते आणि प्रकाशाला पकडायला सलग उतार सापडत नाही. त्या बदल्यात लांबीच्या दिशेने अगदी पुसट पट्टे दिसू शकतात, ते पॉलिशपूर्वी पॉलिशपेपरने सहज जातात.

येथे खरेदीतला एक घोळ लक्षात घेण्याजोगा आहे. बाजारात दोन प्रकार एकाच नावाने विकले जातात. पहिल्यात तुकडे मळसूत्राच्या ओळीत असतात, पण प्रत्येकाची धार लाकडाच्या वाटचालीला काटकोनातच असते. दुसऱ्यात प्रत्येक तुकडाही किंचित तिरपा बसवलेला असतो. अमेरिकेतील बर्ड टूल कंपनीचा शेलिक्स हा या दुसऱ्या प्रकारातला. विळीवर भाजी चिरताना आपण ती सरळ खाली दाबत नाही, ओढत नेतो. सुतारही अवघड लाकडावर हातरंधा थोडा तिरका धरून मारतो. तिरपी धार लाकूड उचकटत नाही, चिरत जाते. शिसमसारख्या लाकडात रेषा एका थरात इकडे तर दुसऱ्या थरात तिकडे झुकलेली असते. सरळ पाते तेथे ढलप्या उपटते आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. तिरप्या तुकड्यांचा ब्लॉक त्याच फळीवर बऱ्याच अंशी निभावून नेतो. जाहिरातीत दोन्हींचे छायाचित्र सारखेच दिसते, म्हणून ब्लॉक हातात घेऊन एका तुकड्याची धार कोणत्या कोनात आहे ते पाहावे.

उलट्या रेषेवर सरळ पात्यालाही उपाय नाही असे नाही. पात्याच्या सपाट बाजूवर, धारेलगत, दहा-पंधरा अंशांचा बारीक उतार घासून घेतला तर पाते लाकडाला अधिक उभे लागते आणि ढलप्या कमी उपटल्या जातात. मोटरला जोर अधिक लागतो एवढेच. सर्पिल ब्लॉक परवडत नसेल त्याने हा प्रयोग आधी करून पाहावा.

आवाजाचा मुद्दा शहरात फार महत्त्वाचा आहे. कारखान्याचे भोंगे ज्या तत्त्वावर वाजतात त्याच तत्त्वावर प्लेनर किंचाळतो. लांब सरळ पाते टेबलाच्या कडेजवळून जाताना तेथली हवा एकदम कापते, आणि हे सेकंदाला दोनशे वेळा घडते. शिवाय लाकडावर पूर्ण लांबीचे पाते एका क्षणी आदळते. सर्पिल ब्लॉकमध्ये कोणत्याही क्षणी मोजकेच तुकडे कडेजवळ असतात आणि मोजकेच लाकडाला लागतात. किंचाळी जाऊन घरघर उरते. सरळ पात्यांचा प्लेनर माल कापताना सहज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. अमेरिकेतील निओश या संस्थेने आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. डेसिबलचा हिशेब पटीत चालतो, दहाने आकडा उतरला की ध्वनीची ऊर्जा दहाव्या हिश्शावर येते. तासभर तेथे उभे राहून बाहेर पडल्यावर प्रस्तुत प्रतिनिधीच्या कानात रात्रीपर्यंत शिटी वाजत होती. तीस वर्षे त्या मशीनवर उभ्या असलेल्या मिस्त्रींशी बोलताना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला.

आता दुसरी बाजू. कार्बाइड कठीण तसाच ठिसूळ. त्याला पोलादाइतकी निमुळती धार देता येत नाही, नाहीतर ती तडकते. म्हणून मऊ लाकडावर ताज्या पोलादी पात्याची झळाळी त्याला येत नाही. तिरप्या धारांना लाकूड ढकलायला जोर अधिक लागतो. दीड-दोन अश्वशक्तीच्या लहान मशीनवर एका वेळी काढायची जाडी कमी करावी लागते. आणि तुकडा फिरवताना त्याच्या बैठकीत भुशाचा कण राहिला, तर तो तुकडा वर उचलला जाऊन प्रत्येक फळीवर रेघ काढतो किंवा आवळताना तडकतो. बैठक ब्रशने साफ करणे आणि निर्मात्याने सांगितलेल्या जोराइतकाच स्क्रू टॉर्क पान्याने आवळणे, या दोन गोष्टींत कंटाळा करून चालत नाही. साठ तुकडे फिरवायला अर्धा दिवस जातो. हे काम शिकाऊ पोरावर सोपवले, तर महागडा ब्लॉक महिन्याभरात सरळ पात्यांहून वाईट काम देऊ लागतो.

कोणी काय घ्यावे

मुख्यतः नवे, सरळ रेषेचे लाकूड वापरणारा, पाती जुळवणारा जाणता मिस्त्री हाताशी असलेला आणि जवळपास चांगला धार लावणारा असलेला कारखाना सरळ पात्यांवर आजही उत्तम चालतो. त्याने पात्यांचे दोन जादा संच, एक डायल गेज आणि पात्यांवरचे झाकण यांवर खर्च करावा. सर्पिल ब्लॉकच्या किमतीचा तो अंशच असेल. उलट जुने लाकूड, शिसम, प्लायवूडच्या कडा, किंवा वर राहणारे शेजारी यांपैकी दोन गोष्टी जरी असतील, तर सर्पिल ब्लॉकचा विचार गंभीरपणे करावा. कार्बाइडची धार पोलादाच्या दहापट आणि अधिक टिकते असे निर्माते सांगतात. हिशेब मांडताना तो आकडा निम्मा धरावा आणि पाती काढून, धार लावून, परत जुळवण्यात मशीन बंद राहते ते तासही त्यात धरावेत. बहुतेक मालक ते तास विसरतात.

ब्लॉक बदलताना व्यास आणि बेअरिंगचे माप मूळ ब्लॉकचेच हवे. व्यास बदलला तर टेबलाच्या कडेचे अंतर, आणि थिकनेसरमध्ये रूळांची व दाबपट्टीची उंची, सगळेच बिघडते. आणखी एक अपेक्षा आधीच सोडून द्यावी. फळीच्या दोन्ही टोकांना वीतभर भाग अधिक कापला जातो, तो दोष ब्लॉकचा नसतो. रूळांचा दाब आणि टेबलाची पातळी यांचा तो दोष, ब्लॉक सोन्याचा बसवला तरी तसाच राहील. भुशाच्या बाबतीत मात्र थोडा लाभ होतो. सर्पिल ब्लॉकचे छिलके आखूड असतात, ते शोषण पाइपात अडकत नाहीत. लाकडाच्या धूळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांत केला आहे, तेव्हा पाइप तुंबणे न तुंबणे ही केवळ साफसफाईची बाब राहत नाही.

आमच्या कारखानदारांनी अखेर थिकनेसरला तिरप्या तुकड्यांचा सर्पिल ब्लॉक बसवला, कारण शेवटची मोहोर तेथेच उमटते आणि वाड्याचे लाकूड त्यांच्याकडे वर्षभर येते. सरफेस प्लेनरवर सरळ पातीच ठेवली. तेथे फळी फक्त सरळ करायची असते. उरलेल्या पैशातून त्यावर सरकते झाकण आले, जे इतकी वर्षे नव्हते. खिळे शोधायला त्यांनी हातात धरायचा एक मेटल डिटेक्टरही घेतला आहे.

माझ्या मेजाचे पॉलिश उतरवून एका वृद्ध सुताराने धारदार पोलादी पट्टीने सगळ्या लहरी हाताने खरवडून काढल्या. त्याला दीड दिवस लागला.